खुणांची साक्ष

बंदूक हा धर्मगुरूच्या लेखणीचा विषय नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. शस्त्रांची शेतीची अवजारे व्हावीत हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न ज्याने वेदीवरून वाचून दाखवायचे, त्याने बंदुकीच्या नळीवरील अक्षरे भिंगाखाली वाचत बसावे, हे विसंगत वाटेल. परंतु जुन्या वस्तूचे कूळ, वय आणि मोल कसे ठरवावे ही विद्या आम्हांस एका वृद्ध बंदूक-कारागिराने शिकविली, आणि ती ख्रिस्तसभेच्या एका जुन्या विद्येची सख्खी बहीण निघाली. म्हणून हा लेखनप्रपंच.

कोकणातील शेतकऱ्याच्या घरी पीक राखण्यासाठी ठेवलेली ठासणीची बंदूक आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. येथे विषय आहे तो निराळ्या बंदुकीचा. ही काडतुसाची, छऱ्यांची बंदूक. परंतु एक बार उडाल्यावर रिकामे काडतूस आपणच फेकून देणारी आणि नवे काडतूस आपणच नळीत चढविणारी. चाप मात्र प्रत्येक बारासाठी नव्याने ओढावा लागतो, म्हणून तिला अर्धस्वयंचलित म्हणतात. आज अमेरिकेतील असंख्य घरांच्या कपाटांत अशा जुन्या बंदुका आहेत. आजोबा गेले, वडील गेले, बंदूक उरली; आणि तिच्याबरोबर उरल्या त्या कथा.

ही बंदूक प्रथम यशस्वी केली जॉन मोझेस ब्राउनिंग या कारागिराने. हे गृहस्थ १८५५ साली अमेरिकेतील युटा प्रांतात, ऑग्डेन गावी, बंदुका घडविणाऱ्याच्याच घरी जन्मले. १९०० साली त्यांना या बंदुकीचे पेटंट मिळाले. तिची रचना मोठी चतुर होती. बार उडाला की नळी आणि तिच्यामागचा बोल्ट परस्परांत अडकलेल्या स्थितीत एकत्रच मागे सरकतात. मागे पोहोचल्यावर नळी सुटून आधी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते, आणि मग बोल्ट नवे काडतूस घेऊन नळीच्या मागे येऊन बसतो. जो धक्का एरवी नेमबाजाच्या खांद्यात वाया जातो, त्यालाच ब्राउनिंगने कामाला जुंपले.

एवढा गुणी शोध. पण त्याला घर मिळेना. ब्राउनिंगच्या अनेक बंदुका पूर्वी विंचेस्टर कंपनीने एकरकमी विकत घेतल्या होत्या. या खेपेस त्यांनी प्रत्येक बंदुकीमागे मानधन मागितले आणि कंपनीने नकार दिला. मग ते रेमिंग्टन कंपनीच्या प्रमुखांना, मार्सेलस हार्टले यांना, भेटावयास गेले. तो १९०२ सालचा जानेवारी महिना. ब्राउनिंग भेटीची वाट पाहत असतानाच हार्टले हृदयविकाराने निवर्तले. तेव्हा ब्राउनिंग समुद्र ओलांडून बेल्जियममध्ये, लिएज शहराला लागून असलेल्या एर्स्ताल येथील ‘फाब्रिक नॅशनाल’ या कारखान्यात गेले. तेथे बंदुकीचे उत्पादन सुरू झाले. पुढे आयातकराच्या अडचणीमुळे अमेरिकेत ती बनविण्याचा परवाना रेमिंग्टनला मिळाला आणि १९०५ पासून तेथेही ती तयार होऊ लागली. १९११ पासून रेमिंग्टनची बंदूक ‘मॉडेल ११’ या नावाने ओळखली जाऊ लागली. बेल्जियमची बंदूक पाच काडतुसांवरून ‘ऑटो-५’ म्हणून प्रसिद्धीस आली. पेटंटची मुदत सरल्यावर १९३० साली सॅव्हेज कंपनीनेही तीच रचना घेऊन आपली बंदूक काढली.

वाचकहो, गोंधळाचे मूळ येथेच आहे. मागच्या बाजूस चौकोनी कुबड असलेली ही सारी भावंडे लांबून एकसारखी दिसतात. २०१२ साली ब्राउनिंग कंपनीने तेच कुबड ठेवून ‘ए-५’ नावाची नवी बंदूक काढली. तिचे आतील यंत्र तर सर्वस्वी वेगळे. म्हणून आमचे गुरुजी (त्या कारागिरास आम्ही हेच नाव ठेवले होते) म्हणत की, चेहऱ्यावरून कूळ सांगू नये, खुणा वाचाव्यात.

बेल्जियममध्ये बनलेल्या बंदुकीवर लिएजच्या परीक्षागृहाच्या मुद्रा असतात. नळीत नेहमीपेक्षा जबर दारू भरून बार काढावयाचा आणि नळी टिकली तरच तिच्यावर मुद्रा ठोकावयाची, अशी ती पद्धत. अंडाकृतीत ‘ई-एल-जी’ ही अक्षरे, ‘पी-व्ही’ या अक्षरांवर उभा सिंह, आणि एक लहानसा स्तंभ अशा या मुद्रा आहेत. हा स्तंभ म्हणजे लिएजच्या चौकातील ‘पेराँ’. त्याच्या शिरोभागी देवदाराचे फळ आणि त्यावर क्रूस आहे. बंदुकीवर क्रूस पाहून आम्ही दचकलो. परंतु इतिहास पाहता नवल उरले नाही. लिएजवर अनेक शतके राजेपद भूषविणाऱ्या बिशपांची सत्ता होती, आणि १६७२ साली नळ्यांची परीक्षा सक्तीची करणारा हुकूम काढला तो अशाच एका राजबिशपांनी, बव्हेरियाच्या माक्सिमिलियन हेन्री यांनी. निकृष्ट नळी फुटून निरपराध माणसाचा हात जाऊ नये, एवढी काळजी त्या हुकुमात होती. त्या हाताने पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र हुकुमाबाहेर राहिला. लिएजच्याच कारखान्यात घडलेल्या आणि ब्राउनिंगनेच योजलेल्या एका पिस्तुलाने २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा बळी घेतला आणि पहिल्या महायुद्धाला निमित्त दिले. खुणा ओळखणे म्हणजे गौरव करणे नव्हे, हे येथेच नमूद केलेले बरे.

आता वय. रेमिंग्टनच्या बंदुकीचे वय तिच्या नळीच्या डाव्या अंगास, यंत्रपेटीजवळ, दडलेले असते. १९२१ पासून तेथे महिन्याचे एक अक्षर आणि वर्षाचे एक किंवा दोन अक्षरे ठोकलेली आढळतात. महिन्यांची अक्षरे लक्षात ठेवण्यासाठी इंग्रजीत ‘ब्लॅक पावडर एक्स’ असे शब्द आहेत. ‘ब्लॅक पावडर’ म्हणजे काळी दारू. या शब्दांतील बारा अक्षरे क्रमाने घ्यावयाची: ‘बी’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे फेब्रुवारी, असे करीत ‘एक्स’ म्हणजे डिसेंबर. वर्षांचे कोष्टक निराळे: ‘एम’ हे अक्षर १९२१चे, ‘ए’ १९३१चे, तर जोड ‘एम’ १९४२चे. बेल्जियमच्या बंदुकीचे वय अनुक्रमांकावरून काढतात. उत्पादन जपानमध्ये गेल्यानंतरच्या, म्हणजे १९७६च्या सुमारापासूनच्या, ब्राउनिंग बंदुकांवर वर्षाचे आकडेही अक्षरांत लिहिलेले असतात: ‘झेड’ म्हणजे एक, ‘वाय’ म्हणजे दोन, आणि असेच उलट्या वर्णमालेने पुढे, काही अक्षरे गाळून, ‘एम’ म्हणजे शून्य.

परंतु एकाच साक्षीदारावर विसंबून निवाडा करू नये, ही मोशेच्या नियमशास्त्रातील शिकवण येथेही लागू पडते. या बंदुकीची नळी सहज निघते, सहज बदलता येते. म्हणून नळीवरील तारीख ही नळीची तारीख. ती साऱ्या बंदुकीची असेलच असे नाही. तिची साक्ष इतर खुणांशी पडताळावी लागते. सुरक्षेची कळ चापाच्या पुढे असेल तर बंदूक साधारणतः १९५०च्या दशकाच्या प्रारंभापूर्वीची. चापाच्या मागे आडवी असेल तर नंतरची. दस्त्याच्या मुठीचे टोक गोल असेल तर ती बहुधा १९६७च्या आधीची, चपटे असेल तर त्यानंतरची. नळीवर केवळ ‘सेंट लुई’ आहे, की त्यासोबत ‘माँट्रियल’ही आहे, यावरूनही काळ कळतो, दोन्ही असतील तर १९५०च्या दशकाच्या अखेरीनंतरची. अशा चार-पाच खुणा एकमुखाने बोलल्या म्हणजे मग वय सांगावे.

किंमतीचे शास्त्र याहून कठीण. नवखा मनुष्य जुन्या बंदुकीला घासूनपुसून, नवी झिलई देऊन चकचकीत करतो आणि तिचे मोल घालवून बसतो. संग्राहकाला हवी असते ती मूळची झिलई, विरळ झाली तरी चालेल. मूळचे लाकूड, चरे पडले तरी चालेल. नळी कापून आखूड केली, दस्त्याला रबरी गादी बसविली, की मोल उतरते. नळीखालच्या लाकडी मुठीला तडा आहे काय, हे आधी पाहतात. आत धक्का शोषणारी कडी असतात. ती हलक्या व भारी काडतुसांसाठी निरनिराळ्या रीतीने बसवावी लागतात. मालकाने ती चुकीची बसविली असतील तर धक्क्याने लाकूड तडकते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातील ब्राउनिंगच्या काही बंदुकांना तर आणखी एक व्याधी आहे. त्यांच्या दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड लवकर सुकावे म्हणून मिठात ठेवले होते. ते मीठ लाकडात मुरून राहिले आणि जेथे लाकूड पोलादास भिडते, तेथे आतून गंज धरू लागला. बाहेरून बंदूक देखणी. खरेदीदार मात्र दस्त्याचे स्क्रू सोडवून आत पाहतो. मिठागरांच्या शेजारी वाढलेल्या आमच्या वाचकांना मिठाचा हा दुसरा गुण सांगावयास नको.

दुर्मीळ ते महाग, असेही नाही. ब्राउनिंगला नकार दिल्यावर विंचेस्टरला स्वतःची अर्धस्वयंचलित बंदूक हवी झाली. परंतु ब्राउनिंगचे पेटंट चुकवून जाणे अवघड. त्यामुळे १९११ साली निघालेल्या त्यांच्या बंदुकीला बोल्ट ओढण्याची मूठच नव्हती. काडतूस चढविण्यासाठी नळीच मागे खेचावी लागे. ओलाव्याने फुगलेले कागदी काडतूस अडकले की लोक दस्ता जमिनीवर टेकवून नळी खाली दाबत, आणि नळीचे तोंड त्यांच्याच तोंडाकडे असे. लोकांनी तिला ‘विधवा करणारी’ असे नाव दिले. १९२५ साली ती बंद झाली. ऑटो-५च्या तुलनेत तिची संख्या फारच थोडी. पण म्हणून संग्राहक तिला डोक्यावर घेऊन नाचत नाहीत.

आणखी एक गंमत. अमेरिकेच्या संघीय नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील बंदुकांचा एक वर्ग आहे. त्याच्या नावात जो इंग्रजी शब्द योजला आहे, तो आपण संतांच्या पवित्र अवशेषांसाठी वापरतो तोच: ‘रेलिक’. हा शब्द ऐकला आणि बंदुकीच्या खुणा आमच्या परिचयाच्या प्रदेशात आल्या.

अमेरिकेच्या मध्यभागातील एका लहान धर्मग्रामात आम्ही काही महिने तेथील धर्मगुरूंच्या रजेच्या काळात सेवेस होतो. ऑक्टोबरचे दिवस होते. एक वृद्ध विधवा मिस्सानंतर भेटावयास आली. घर तापविण्याचे यंत्र बिघडले होते, हिवाळा तोंडावर होता, आणि विकण्याजोगी एकच वस्तू घरात होती: दिवंगत पतीच्या वडिलांची ब्राउनिंग बंदूक. सासरे दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममध्ये लढले होते आणि १९४५ साली परतताना त्यांनी ती तेथून आणली, अशी घरची परंपरा. लिलावाच्या अर्जात वस्तूचा इतिहास लिहावयाची जागा होती. तो इतिहास आम्ही नीट इंग्रजीत लिहून द्यावा आणि खाली साक्षीदार म्हणून सही करावी, अशी तिची विनंती होती. “फादर, तुमची सही असली म्हणजे लोक विश्वास ठेवतील,” ती म्हणाली.

बंदूक घेऊन आम्ही गुरुजींकडे गेलो. त्यांनी भिंग लावले. लिएजचा स्तंभ नाही, सिंह नाही, ‘ई-एल-जी’ नाही. अनुक्रमांकाच्या आधी ‘बी’ हे अक्षर. नळीवर ‘डी’ आणि त्यापुढे दोन ‘एस’. अर्थ उघड होता. मे १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम व्यापल्यावर तेथून माल येणे बंद पडले. तेव्हा ब्राउनिंग कंपनीने आपल्या नावाने रेमिंग्टनकडून बंदुका बनवून घेतल्या. १२ बोअरच्या या अमेरिकन ब्राउनिंगवर ‘बी’ असे. ‘डी’ म्हणजे सप्टेंबर, जोड ‘एस’ म्हणजे १९४६. युद्ध संपून वर्ष उलटल्यावर ती जन्मली होती, आणि तीही अमेरिकेत. बेल्जियमच्या बंदुकीहून तिचे मोल कमी. आणि घरच्या कथेचे मोल तर शून्यावर आलेले.

सही देता येणार नव्हती, हे तर उघडच. प्रश्न होता तो तिला सांगावयाचे कसे, याचा. एका ओळीने कुटुंबाची सत्तर-पंचाहत्तर वर्षांची श्रद्धा मोडावयाची होती, आणि ती ओळ आमच्या तोंडून जावयाची होती.

त्या रात्री आम्हांस बोलांदिस्तांची आठवण झाली. पुण्याच्या पेपल सेमिनरीचा प्रारंभ १८९३ साली कँडी येथे बेल्जियन येशूसंघीयांच्या हातून झाला. १९५५ साली ते पुण्यास आले. तेथे शिकलेल्यांना बेल्जियमच्या या विद्वान-मंडळाचे नाव नवे नाही. फादर रोस्वेदे यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी योजना आखली, फादर बोलांद यांनी ती हाती घेतली, आणि १६४३ साली अँटवर्प येथे संतचरित्रांचे पहिले खंड निघाले. प्रत्येक संताच्या कथेची सर्वांत जुनी हस्तलिखिते शोधावयाची, परस्परांशी ताडावयाची, आणि मागाहून चिकटलेले बाजूस काढावयाचे, हे त्यांचे व्रत. कार्मेल संघाची स्थापना प्रत्यक्ष एलिया संदेष्ट्याने केली ही परंपरा फादर पापेब्रोख यांना पुराव्यावर टिकेना. त्यांनी तसे म्हटले आणि १६९५ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने त्यांच्या खंडांवर बंदी घातली. याच पापेब्रोख यांनी १६७५ साली जुन्या सनदांची खरी-खोटी पारख कशी करावी यावर लिहिले. त्याला उत्तर म्हणून बेनेदिक्तीन संन्यासी माबियाँ यांनी १६८१ साली जो ग्रंथ लिहिला, त्यातून दस्तऐवजांचे वय ठरविण्याचे शास्त्र उभे राहिले. अक्षराचे वळण, शाई, मुद्रा, तारीख लिहिण्याची रीत: गुरुजी भिंगाखाली जे पाहत होते, त्याचेच हे थोरले रूप.

आणि या विद्येने कोणाला वगळले नाही. शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्यूबर्ट हे लिएजचे पहिले बिशप. ७२७ साली ते निवर्तले. शिकारीत त्यांना शिंगांमध्ये क्रूस असलेले हरीण दिसले आणि त्यांचे परिवर्तन झाले, ही कथा चित्रांतून सर्वत्र पोहोचली आहे. परंतु त्यांच्या आद्य चरित्रात हरीण नाही. ते पुढील शतकांत संत युस्ताशियसच्या आख्यायिकेतून येऊन त्यांच्याशी जोडले गेले. ख्रिस्तसभेने हे जाणले. तरी ३ नोव्हेंबरचा सण मोडला नाही, कारण हरीण गेले तरी बिशप उरले. आर्देनच्या रानावनांतून शुभवर्तमान नेणारा, आपल्या लोकांत झिजलेला मनुष्य उरला. हरिणामागे तो झाकला गेला होता, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सारे सांगितले. मुद्रा दाखविल्या, अक्षरे वाचून दाखविली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग आतून एक घडी पडलेला कागद घेऊन आली: सासऱ्यांचा सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला. मोहिमांच्या रकान्यात ‘आर्देन’ हा शब्द होता. म्हणजे १९४४-४५च्या हिवाळ्यातील ती भीषण लढाई. “ते कधी शिकारीला गेले नाहीत,” ती म्हणाली. “दर डिसेंबरला बंदूक काढीत, तेल देत आणि परत ठेवून देत. मुलाने विचारले, ही कोठली, तर म्हणत, बेल्जियम.” आणि थोड्या वेळाने, “कदाचित त्यांनी बंदुकीबद्दल सांगितलेच नसेल, फादर.”

अर्ज तिने स्वतःच लिहिला. अमेरिकन ब्राउनिंग, सप्टेंबर १९४६. मूळ मालक आर्देनच्या लढाईतील सैनिक. बंदूक बेल्जियमहून आणलेली नाही. सहीची जागा आता मोकळी ठेवावयाचे कारण नव्हते. आम्ही सही केली. रक्कम अपेक्षेपेक्षा कमी आली. दाखला तिने चौकटीत बसवून भिंतीवर लावला. इतकी वर्षे तो खणात पडून होता आणि कपाटात मान मिळत होता तो बंदुकीला.

आपल्याकडेही हे घडते. जुना क्रूस दिसला की तो पोर्तुगीज काळचा. जुनी मूर्ती दिसली की ती थेट लिस्बनहून आलेली. १७३९ साली वसईचा किल्ला पडला, ही सीमारेषाही कोणी ध्यानी घेत नाही. लाकूड कोणते, खिळा हाताने घडविलेला की यंत्राचा, रंगाचे थर किती, देणगीदाराचे नाव कोणत्या वर्षाच्या नोंदवहीत सापडते, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. कारण तो क्रूस १९२० साली प्लेगमधून वाचलेल्या एखाद्या गरीब कुटुंबाने नवस फेडण्यासाठी उभारला असे निघाले तर आपला मान कमी होईल, अशी धास्ती वाटते. वास्तविक त्या कुटुंबाचा नवस हीच आपली खरी ठेव. तो लिस्बनच्या नावाखाली किती काळ झाकून ठेवावयाचा?

असा एखादा क्रूस आपल्या अंगणात, आळीत वा शेताच्या बांधावर असेल, तर या वर्षी त्यावरील शेवाळ अलगद दूर करून अक्षरे वाचावीत, आणि जी तारीख निघेल ती धर्मग्रामाच्या कार्यालयात नोंदवावी. तारीख अलीकडची निघाली तरी संकोच करू नये.